मांजराचं वेशांतर

"डॉक्टर, मगाधरनं मीच बोलायलीय. तुम्ही पण बोला की कायतरी," राजमतीबाई म्हणाल्या.

मी हनुवटीखाली हात धरला, मान किंचित तिरकी केली आणि विचारलं, "मी बोलत नाही, याचं तुम्हाला काय वाटतं?"

"काय वाटणार? जयसिंगपुरास्नं बसनं आलेय मी. घरात एक बाई माझ्याशी बोलत न्हाई म्हणून इथं आले, तर तुम्ही बी तसलंच!"

मला मिरजेत दवाखाना टाकून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मनोविकारांचा डॉक्टर म्हणून पाटी लावली होती आणि डोक्यात बंगळूरहून आणलेलं नवंकोरं ज्ञान होतं. त्या ज्ञानाचं सार असं, की पेशंटला सल्ला द्यायचा नाही. गप्प बसायचं. वाट त्याची त्यालाच सापडते. आपण मधूनमधून "मग काय वाटलं?" एवढं विचारायचं. गोळ्या लागतील तिथे मी द्यायचो, पण गोळ्या कुणीही देईल. गप्प बसणं ही माझी खासियत होती. आमच्या आईला ते काही केल्या पटत नसे. "बोलायचं नाही तर रोज इस्त्रीचा शर्ट घालून जातोस कशाला तिथं?" असं ती विचारायची.

राजमतीबाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या. छातीत धडधड होते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या डॉक्टरांनी हृदय तपासून पाहिलं, तर ते ठणठणीत. म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. घरात त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं होतं.

दुखणं दातात नव्हतं आणि छातीतही नव्हतं. ते होतं त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांची धाकटी जाऊ त्रिशला आणि त्या, दोघी दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

झालं होतं ते असं. राजमतीबाईंच्या थोरल्या मुलाचा साखरपुडा होता. पंगतीला हुग्गी केली होती. आमच्याकडे खपली गव्हाची गूळ घालून जी खीर करतात, ती हुग्गी. गहू राजमतीबाईंनी सडले, भिजवले, शिजवले, गूळ त्यांच्या अंदाजानं पडला. पुढचे दोन तास त्रिशलानं ती घाम गाळत ढवळली. व्याह्यांनी तिसरी वाटी मागून घेतली आणि विचारलं, "हुग्गी कुणी केली म्हणायची ही?"

"तिनं झटक्यात सांगितलं, 'मी!'" राजमतीबाई म्हणाल्या. "आणि मी तिथंच उभी, हातात पळी घिऊन."

"मग काय वाटलं?"

"पळी तिच्या डोस्क्यात घालावी असं वाटलं. पण डॉक्टर, एकोणीस वर्षांची आली वो ती घरात. भाकरी थापायला माझ्या हाताखाली शिकली. तिच्या दोन्ही बाळंतपणाचं मी केलंय. तिच्याबिगर मला जेवान जात न्हाई." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि आता आमचे दोघं कारभारी कटाळलेत. अक्षय तृतीयेला स्वयंपाकघरात भिंत घालणार म्हणत्यात. अर्ध तिचं, अर्ध माझं. विटा येऊन पडल्यात अंगणात. एकदा का भिंत आली, डॉक्टर, मग संपलं. भिंत कोण पाडत न्हाई."

"पण मग सध्या एका स्वयंपाकघरात काम कसं चालतं?"

"तलाठी हाय की."

मला क्षणभर वाटलं, प्रकरण सरकारदरबारी गेलं.

"मांजर वो आमचं," त्या म्हणाल्या. "पिवळं. उजवा कान फाटलेला. प्रत्येकाच्या घरात जाऊन काय शिजतंय बगून येतंय, म्हणून तलाठी. मी त्याला सांगते, 'तलाठी, सांग तिला, दळण आलंय.' मग ती त्याला सांगती, 'तलाठी, सांग, ऐकू आलंय.' असं चाललंय."

मी बराच वेळ गप्प बसलो. आत मात्र विचारांना ऊत आला होता. या बाईंनी आयुष्यभर प्रत्येक भांडणात आधी माघार घेतली होती. सासूशी, नवऱ्याशी, नणंदेशी. आतासुद्धा याच बोलून मोकळ्या होणार आणि मनातली धुसफुस मनातच राहणार. म्हणून मी सल्ला न देण्याचं व्रत सांभाळून एक प्रश्न विचारला.

"आजवर दर वेळी तुम्हीच आधी बोललात. या वेळी नाही बोललात, तर काय होईल?"

राजमतीबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे आधी बोलू नको म्हणताय."

"मी काहीच म्हणत नाहीये."

"कळलं, कळलं," असं म्हणून त्या उठल्या.

---

एक आड एक रविवारी सकाळी आम्ही तिघं इनामदार सरांच्या घरी जमायचो. सर माझे गुरू, निवृत्त झालेले. तिसऱ्या होत्या शैला आठल्ये. त्या सांगलीत मानसोपचार करत. त्या माझ्यासारख्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. गोळ्या लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त बोलण्यावर. वयानं माझ्याएवढ्याच, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि माझं कुठलंही वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक त्यांना सापडलेली असे. मी त्यांना आठल्येबाई म्हणायचो. त्या मला नुसतं कुरणे म्हणायच्या.

जमायचं कारण साधं होतं. बंद खोलीत पेशंटसमोर एकटं बसणारा माणूस भरकटू शकतो आणि भरकटलेलं त्याला कळत नाही. म्हणून अवघड केस असली की ती इतर दोघांपुढे मांडायची. पण पेशंटची ओळख फुटता कामा नये. सांगली-मिरज म्हणजे इकडे कुणी शिंकलं की तिकडे चौकशी सुरू. त्यामुळे सरांचा दंडक होता: नाव बदला, गाव बदला, धंदा बदला. "खुद्द पेशंट इथे येऊन बसला, तरी त्याला वाटलं पाहिजे की बिचाऱ्या दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट चाललीय," सर म्हणायचे.

सरांच्या या वेशांतराच्या नियमावरून आम्हा दोघांत हळूहळू चुरस लागली. मी एका पोस्टमास्तरांना दीपगृहाचा रखवालदार केलं. आठल्येबाईंनी एका दातांच्या डॉक्टरांचं आणि त्यांच्या बायकोचं भांडण थेट लडाखला नेलं आणि दोघांना याक पाळायला लावले. त्या दिवशी आमचा अर्धा तास याकांवर गेला. याक दिवसाला दूध किती देतो, इथपर्यंत मजल गेली. डॉक्टर आणि त्यांची बायको राहिली बाजूला.

त्या रविवारी काकूंनी पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, सर आरामखुर्चीत डोळे मिटून बसले आणि मी राजमतीबाईंची केस काढली. अर्थात पूर्ण नटवून.

"कोल्हापूरची एक तालीम आहे," मी म्हणालो. "तिथे एक वस्ताद आहेत. भक्कम माणूस. आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला धाकटा जोडीदार. मोठ्या जत्रेत यांच्या एका पट्ठ्यानं कुस्ती मारली. लोकांनी विचारलं, याला डाव कुणी शिकवला? तर जोडीदार चटकन म्हणाला, मी. तेव्हापासून अबोला. आता तर तालमीत मधोमध भिंत घालणार आहेत. वस्तादांना झोप येत नाही."

"पैलवानाला झोप येत नाही?" आठल्येबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ते तर अंग टाकलं की घोरतात."

"व्यायाम कमी झालाय त्यांचा," मी सावरून घेतलं.

"ठीक आहे. भांडण झालं की आधी कोण बोलतं?"

"वस्ताद. नेहमी."

"मग या वेळी थांबू दे त्यांना," आठल्येबाई ठासून म्हणाल्या. "ज्याला वाकायची सवय लागलीय, त्याला आणखी वाकवू नका, कुरणे. त्या धाकट्यालाच बोलू दे आधी. कळू दे त्यालाही."

माझंच मत त्यांच्या तोंडून ऐकून मला फार बरं वाटलं. बाई हुशार आहेत, असं मी मनात कबूल केलं.

मग त्यांची पाळी. "नागपूरचं एक बँडपथक," त्यांनी सुरुवात केली. "वरातीतलं. त्यातला धाकटा वादक माझ्याकडे येतो. क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्या घशात सारखा गोळा अडकल्यासारखा वाटतो. घास उतरत नाही. घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं, काही नाही."

"क्लॅरिनेटवाल्याचाच घसा! काय बोलकं लक्षण आहे!" मी म्हणालो.

"थोरल्या वादकाशी त्याचा अबोला आहे. वरातीत एका चालीचं फार कौतुक झालं. चाल म्हणायची तर थोरल्याची, पण ती फुलवली यानं, पार घाम गाळून. कुणीतरी विचारलं तेव्हा हा 'माझी' म्हणाला, तर थोरला फुरंगटून बसलाय. आजवर सगळ्यांना सांगत आलाय की हा नुसता साथ करतो. आता सरावाची खोली विभागणार आहेत."

"आणि भांडण झालं की?"

"लहान म्हणून दर वेळी यानंच पाया पडायचं."

"मग आता नाही पडायचं," मी बोटानं टेबलावर ठोकलं. "आठल्येबाई, त्याचा जो गोळा आहे ना घशात, तो गिळलेला स्वाभिमान आहे. थोरल्याला बोलू दे आधी."

आठल्येबाई माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं बघत होत्या. माझे कान तापले.

इतक्यात सरांनी डोळे उघडले. "दोघांचं दुखणं एकच आहे," ते म्हणाले आणि पुन्हा मिटून घेतले.

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. "सर कायम मुळाशी जातात," परत जाताना फाटकापाशी आठल्येबाई म्हणाल्या. "माणसाचं दुखणं शेवटी एकच." मीही गंभीरपणे "खरं आहे" म्हणालो. तिथे बराच वेळ आम्ही माणसाच्या दुखण्यावर बोलत उभे राहिलो. मला त्यांचा चष्मा आवडायला लागला होता.

---

पुढच्या खेपेला राजमतीबाई आल्या त्या तणतणत. "लई ताठ झालीय हो हल्ली ती. आधी निदान मांजराला तरी सरळ सांगायची. आता मांजराशी बी इंग्रजी शाळेतल्या बाईसारखी बोलती. कुणीतरी शिकवायलंय तिला. तोंडात पान-सुपारी धरून मी गप्प बसते, तुम्ही सांगितलंय म्हणून. पण गवंडी ठरलाय, डॉक्टर."

"मी काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"व्हय, ते बी कळलं."

रविवारी मी सांगितलं, की वस्तादांचा जोडीदार आणखीच ताठरला आहे. आठल्येबाई म्हणाल्या, "काय योगायोग! माझ्याही केसमधला थोरला वादक हटून बसलाय. मला तर वाटतं, कुणीतरी बाहेरचं त्याला फूस लावतंय."

"असतातच असे लोक," मी पोहे खाता खाता म्हणालो. "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून त्याला शहाणपण शिकवणारे. अर्धवट असतात एकेक."

"महामूर्ख," आठल्येबाई म्हणाल्या.

सर झोपेत हसल्यासारखे वाटले.

अक्षय तृतीया तोंडावर आली. त्याआधीच्या रविवारी मी केस पुन्हा काढली, कारण माझाच धीर सुटत चालला होता. राजमतीबाईंचा चेहरा उतरला होता, वजन घटलं होतं. "आता तर मांजराशी बोलणंही तोडलंय दोघांनी," मी म्हणालो.

आठल्येबाईंचा चमचा हवेत थांबला. "कुठलं मांजर?"

"तालमीत आहे एक. इतके दिवस वस्ताद जोडीदाराला त्याच्यामार्फत निरोप द्यायचे."

"तालमीत मांजर?"

"असतं की. उंदीर होतात, खुराक असतो..."

"रंग?"

"पिवळा. का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "नाव आहे का त्याला काही?"

आता माणसांची नावं, गावं, धंदे मी बदलले होते, एवढंच काय, हुग्गीचीसुद्धा कुस्ती केली होती. पण मांजराचं वेशांतर करावं, हे माझ्या डोक्यात कसं येणार? मांजर काही माझं पेशंट नव्हतं.

"तलाठी," मी म्हणालो.

"उजवा कान?" आठल्येबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"फाटका."

"कुरणे," त्या म्हणाल्या, "तुमचा वस्ताद लुगडं नेसतो का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचा क्लॅरिनेटवाला," मी विचारलं, "भाकरी थापतो?"

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सर डोळे न उघडताच म्हणाले. "दोघांचं दुखणं एकच आहे."

---

धाकटी त्रिशला दर आठवड्याला सांगलीला जात होती; घरात तिनंही डोळे तपासायचं सांगितलं होतं. थोरली मिरजेला येत होती. आणि आम्ही दोघं शिकलेले शहाणे आपापल्या पेशंटला "आधी तू बोलू नकोस" म्हणून बसवून ठेवत होतो. तिकडे अंगणात विटा पडल्या होत्या.

"त्या दोघींना सांगून टाकू?" मी म्हणालो.

सर ताठ बसले. "अजिबात नाही. एकीनं विश्वासानं सांगितलेलं दुसरीच्या कानावर घालणार? या खोलीतलं या खोलीत राहील. तुम्ही फक्त आपापल्या पेशंटशी बोलायचं, आणि तेही तिच्याबद्दल."

म्हणजे उपाय एकच होता. दोघींपैकी एकीचा लगाम सैल करायचा.

"तुमच्या राजमतीबाईंना बोलू द्या," आठल्येबाई म्हणाल्या. "मोठ्या आहेत त्या."

"मोठ्या आहेत म्हणूनच तर नाही! ज्याला वाकायची सवय लागलीय त्याला आणखी वाकवू नका, असं कोण म्हणालं होतं?"

"ते मी पैलवानाबद्दल म्हणाले होते!"

"तुमच्या त्रिशलाला बोलू द्या. चूक तिची आहे. हुग्गी राजमतीबाईंनी केली होती."

"केली? दोन तास ढवळली कुणी? हात भरून आले होते तिचे! आणि गिळलेला स्वाभिमान वगैरे काय होतं मग ते?"

"ते क्लॅरिनेटबद्दल होतं."

"कुरणे, तुम्हाला तुमची उपचारपद्धत मागे घ्यायची नाहीये, एवढंच आहे हे."

"आणि तुम्हाला?"

आठल्येबाईंनी माझ्याकडे पाठ केली. "सर, त्यांना सांगा, की मी तीन महिने मेहनत घेतलीय तिच्यावर."

"सर, त्यांना सांगा, मीही काही झोपा काढलेल्या नाहीत."

"सर, त्यांना विचारा, भिंत उभी राहिली तर जबाबदार कोण."

"सर, त्यांना म्हणावं, तेच मी विचारतोय."

सर एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. आम्ही तिघं एका सतरंजीच्या अंतरावर बसलो होतो. शेवटी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अतिशय स्पष्ट आवाजात म्हणाले, "म्याँव."

"अहो, मांजर शिरलं का आत?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "दूध उघडं आहे!"

आठल्येबाई लालेलाल झाल्या, पर्स उचलली आणि निघून गेल्या. मी बसून राहिलो. मला फार लाज वाटत होती, आणि त्याहूनही वाईट म्हणजे त्या गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली होती.

"सर, मी काय करू?"

"तुला काय वाटतं?" सरांनी विचारलं.

हा प्रश्न मी त्यांच्याकडूनच उचलला होता, वर्षभर रोज लोकांना विचारत होतो. तो इतका संतापजनक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"सर, सांगा ना सरळ!"

"जे वाटतं ते तिला सांग. मला कशाला सांगतोस?"

"कुणाला, सर? राजमतीबाईंना की आठल्येबाईंना?"

सरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्याकडून आणखी काही मिळणार नव्हतं.

---

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी राजमतीबाई आल्या. खुर्चीत बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. आम्ही दोघंही गप्प. माझ्या पद्धतीप्रमाणे हे उत्तम चाललं होतं, पण मला ते सहन होईना.

"राजमतीबाई," मी म्हणालो, "तिच्याशी बोलावंसं वाटतं ना तुम्हाला?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. डोळे भरून आले होते.

"मग बोला. आज घरी गेल्या गेल्या बोला. मान गेला, अपमान झाला, वाकावं लागलं, काय व्हायचं ते होऊ दे. मी तुम्हाला थांबवलं ते चुकलं माझं. बोला तुम्ही."

राजमतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "डॉक्टर! तुम्ही बोललात!"

"हो."

"एवढी चार वाक्यं! एका दमात!"

"हो. आता जा."

"मग एवढे दिवस का थांबवलंत वो?" त्या म्हणाल्या, पण उत्तराला थांबल्या नाहीत. पिशवी बगलेत मारून त्या एस.टी. स्टँडच्या दिशेनं जवळजवळ पळतच गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. बंगळूरला मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी फोन उचलला. आठल्येबाईंचा नंबर फिरवला. एंगेज. थोड्या वेळानं परत. एंगेज. दिवेलागणीपर्यंत मी तो नंबर फिरवत होतो आणि दर वेळी तोच टूं टूं आवाज. रिसीव्हर काढून ठेवलेला दिसतोय माझ्यावरच्या रागानं, असं मला वाटलं. मी वैतागून फोन आपटला. आपटल्याबरोबर तो वाजला.

"कुरणे! कुणाशी बोलत होतात इतका वेळ? कधीपासून लावतेय मी!"

"मी? तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशीच नाही. तुम्हाला लावत होते."

"मी तुम्हाला लावत होतो."

मग त्या म्हणाल्या, "मी तिला सांगितलं आज. घरी जा आणि बोल म्हणून."

"मीही तेच सांगितलं."

"म्हणजे आता दोघी एकदमच बोलतील."

"ऐकणार कोण मग?"

आठल्येबाई हसायला लागल्या. मीही. फोनवर ना पेशंटचं काही बोलणं झालं, ना पद्धतीचं. आम्ही नुसते हसत होतो, आणि ठेवायचं कुणालाच सुचत नव्हतं.

---

सण झाल्यावर एक दिवस दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत प्रचंड आरडाओरडा सुरू झाला. मी दार उघडलं. राजमतीबाई उभ्या होत्या आणि त्यांच्याबरोबर चाळिशीतली एक शिडशिडीत, काळीसावळी, तरतरीत बाई. दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"डॉक्टर, ही आमची त्रिशला. हिला सांगा, मी आधी बोलले."

"न्हाई डॉक्टर! मी चुलीपशी आले, 'अक्का' म्हणाले, मग ह्यांनी तोंड उघडलं."

"मी दारातनंच 'अगं' म्हणाले होते!"

"ते तुम्ही मांजराला म्हणालात!"

"मांजराला मी 'अरं' म्हणते!"

"आणि गवंडी?" मी मध्ये तोंड घातलं. "भिंत?"

"तो उभा होता की थापी घिऊन," राजमतीबाई म्हणाल्या. "त्याला म्हटलं, भिंत कसली घालतोस, अंगणात मोठी चूल बांध त्या विटांची. हुग्गीला बरी."

"ते मी म्हणाले," त्रिशला म्हणाली.

"बघा, डॉक्टर! परत हिचं सुरू! सांगा तुम्हीच काय ते. आधी कोण बोललं?"

सवय वाईट. मी हनुवटीखाली हात धरला. "तुम्हाला काय वाटतं?"

"गप बसा!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

मी गप्प बसलो. त्यांची छातीतली धडधड आणि घशातला गोळा कुठे गेला, हे विचारायची गरजच उरली नव्हती. निघताना त्रिशला म्हणाली, "तुमच्याच्यानं निकाल लागत न्हाई, तर आम्ही सांगलीला आठल्येबाईंकडं जातो. मी त्यांच्याकडं जायची. तुमची वळख हाय काय त्यांची?"

"थोडीशी," मी म्हणालो. माझे कान परत तापले होते आणि ते राजमतीबाईंनी बघितलं.

---

आमचं लग्न पुढच्या वर्षी झालं. इनामदार सर व्यासपीठावर आले, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी मध्ये नाही हं आता." पंगतीला हुग्गी होती. ती कुणी केली, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

दोघी जावा आहेर म्हणून झाकण लावलेली एक टोपली घेऊन आल्या. टोपली हलत होती.

"तलाठी बाई निघाली वो, डॉक्टर," राजमतीबाई म्हणाल्या. "चार पिल्लं झाली. त्यातलं हे एक."

"मांजर? लग्नात?" शैला म्हणाली.

"भांडी सगळीच देत्यात, बाई," त्रिशला म्हणाली. "हे लागंल तुम्हाला. पुढं कळंल."

कळलं. त्याच्या पिल्लांची पिल्लं, आणि त्यांचीही पिल्लं आमच्या घरात वाढली. सगळ्यांचं नाव तलाठी. मी पेशंटशी आता पुष्कळ बोलतो, जरा जास्तच, असं शैलाचं मत आहे. शैला मात्र सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, त्या संध्याकाळी आधी फोन कुणी केला होता? शैलानं झटक्यात सांगितलं, "मी." आणि मी तिथंच उभा, हातात चहाचा ट्रे घेऊन.

आत्ता ती स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज थांबलाय, आमटीचा वास इथवर आलाय. आत्ताचं तलाठी दारात बसून माझ्याकडे बघतंय.

"तलाठी," आतून आवाज आला, "कुरण्यांना सांग, ताट वाढलंय."

मी लिहिणं बाजूला ठेवलं. "तलाठी," मी म्हणालो, "तिला सांग, फोन मीच आधी लावला होता. पण जेवायला येतोय."